अण्णांना फोन कर

नाशिक

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

काल रात्री गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुझं आणि अण्णांचं कांद्यावरून जुंपलं, ते सकाळी सगळं वाचलं. तुझा पहिला मेसेज फार चांगला होता. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली तेव्हा बाजारात लाल कांदा होता. तो उन्हाळ कांद्यासारखा कांदाचाळीत महिनोन्‌महिने टिकत नाही, मिळेल त्या भावाला द्यावाच लागतो. हे तू नेमकं धरलंस.

मग अण्णांनी विचारलं, "२०१० ला तुमच्याच सरकारने बंदी घातली, तेव्हा कुठे होता?" तू त्यांना अंधभक्त म्हणालास, त्यांनी तुला चमचा ठरवलं. पुढे चाळीसेक मेसेज कोण कुणाचं मीठ खातो यावर गेले. लाल कांदा राहिला बाजूला.

अण्णा दुटप्पी वागले, हे खरं. डिसेंबर २०१० ची बंदी त्यांना पाप वाटली होती आणि २०२३ ची देशहित. पण त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. "हो, तीही चूकच होती" एवढं तू लिहायला हवं होतंस. मग त्यांना लाल कांद्याबद्दलच बोलावं लागलं असतं. बोलणारा दुटप्पी निघाला म्हणून त्याचं म्हणणं आपोआप खोटं होत नाही. ते वेगळं तपासावं लागतं. न्यायसूत्रांनी, म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या ग्रंथाने, चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत: खरं काय ते शोधायला वाद, जिंकायला जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता नुसतं दुसऱ्याचं खोडायचं ती वितंडा. तुझी सुरुवात वादाने झाली होती, म्हणून तर मला जास्त वाईट वाटलं.

हे मी अधिकाराने सांगत नाही. २०१० ला मी त्या बंदीची बाजू घेतली, कारण सरकार मला आवडणारं होतं. माझा एक मित्र लासलगावला ट्रॅक्टर रिकामा करून आला होता, भाव पडलेला. तो पारावर पोटतिडकीने बोलत होता. मला उत्तर सुचेना, तेव्हा मी त्याच्या वडिलांच्या कर्जावर घसरलो, तेही चारचौघांत. तो काही न बोलता उठून गेला. त्याआधी दर मे महिन्यात आम्ही दोघं गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणात वसंत व्याख्यानमालेला जात असू. आता तो पुढच्या रांगेत बसतो, मी मागे. एवढ्या वर्षांत उठून त्याच्यापर्यंत जाणं मला जमलेलं नाही.

तू इतकी वर्षं घालवू नकोस. आज संध्याकाळी अण्णांना फोन कर. 'अंधभक्त' म्हणाल्याबद्दल सरळ माफी माग, "पण तुम्हीही" असं काही जोडू नकोस. आणि २०२३ च्या डिसेंबरात त्यांचा लाल कांदा कितीला गेला, ते विचार. त्यांचाही माल बाजारातच होता.

तुझा,
काका