रोज रात्री तोच प्रश्न विचारणाऱ्या मुलाबद्दल

ताई, तुमचा मुलगा दहा वर्षांचा. झोपताना ‘आई, तू रात्रीत मरणार नाहीस ना?’ हे तीस-चाळीस वेळा विचारतो. तुम्ही दर वेळी ‘नाही रे राजा’ म्हणता. पाच महिने समुपदेशन चालू आहे, तिथे त्याला आवडतंही, पण प्रश्न वाढतच चाललेत. आता कुणीतरी औषध सुचवलंय आणि सवय लागेल म्हणून तुम्ही घाबरला आहात. हे वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. आमच्या घरातला प्रश्न वेगळा होता, बाकी सगळं हेच.

मी डॉक्टर नाही, एका मुलीचा बाप आहे. माझ्या लिहिण्यावरून निदान करू नका. वरवर सारखी दिसणारी दोन मुलं आतून अगदी वेगळी असू शकतात.

आमची लेक तेव्हा अकरा वर्षांची होती. तिचा प्रश्न, ‘बाबा, आज मी कुणाचं वाईट केलं नाही ना?’ सुरुवातीला ‘नाही’ म्हटलं की भागायचं. मग ‘नक्की ना?’ आलं. मग ‘नक्की’ तीनदा, एकाच सुरात. मध्येच मला खोकला आला की पुन्हा पहिल्यापासून. एका रात्री वैतागून मी वहीचं पान फाडलं आणि लिहून दिलं, ‘तू आज कुणाचं वाईट केलेलं नाहीस. – बाबा’, खाली तारीख. ती शांत झोपली. आपण काय डोकं चालवलं म्हणून मी स्वतःवर खूश. दुसऱ्या रात्री ती चिठ्ठी चालेना, कारण तारीख कालची! मग रोज नवी चिठ्ठी. मग शाई पुसट नको, मग सही अर्धवट नको. पुढे तिचं कपाट आवरताना बुटांच्या खोक्यात त्या सगळ्या सापडल्या, नीट तारीखवार लावलेल्या. एकशे साठच्या वर मोजल्या आणि मोजणं सोडून दिलं. तिचा आजार मी माझ्या हस्ताक्षरात पोसत होतो.

निदान ओसीडीचं, म्हणजे ‘ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर’चं झालं. आपल्याकडे मंत्रचळ म्हणतात तो हाच, पण मंत्रचळ म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर सारखे हात धुणारा माणूस येतो. आमची मुलगी हात जेमतेम धुवायची, म्हणून आम्हाला शंकाच आली नाही. यात नको तो विचार मनात घुसतो, भीती चढते आणि ती उतरवायला मूल काहीतरी करतं. कुणी धुतं, कुणी मोजतं, कुणी कडी पुन्हा पुन्हा बघतं, कुणी विचारतं. विचारणं हीसुद्धा त्यातलीच कृती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आपण उत्तर दिलं की भीती उतरते आणि मेंदू धडा घेतो की उत्तर मिळालं म्हणून निभावलं. पुढच्या वेळी त्याला तेच उत्तर जास्त खणखणीत हवं असतं.

आता आमचे सात महिने कुठे गेले ते सांगतो. नाव घेणार नाही. लहान मुलांचं समुपदेशन केंद्र, भिंतीवर ढग, कोपऱ्यात मऊ चेंडू, माणसं अतिशय गोड. चित्रं काढून घ्यायचे, दीर्घ श्वास शिकवायचे, ‘काळजीची पेटी’ करून घेतली. आणि दर सत्राच्या शेवटी त्या मॅडम तिचा हात हातात घेऊन म्हणायच्या, ‘तू खूप चांगली मुलगी आहेस, तू कुणाचं वाईट करूच शकत नाहीस.’ म्हणजे माझीच चिठ्ठी, फक्त आठवड्यातून एकदा आणि फी भरून. साहजिकच लेकीला तिथे जायला आवडायचं. तिला आवडतंय म्हणजे गुण येतोय, असं आम्ही धरून चाललो.

त्या मॅडमवर माझा राग आहे, पण मोठी चूक माझी. सात महिन्यांत मी दोन प्रश्न विचारले नाहीत. हिला नेमकं काय झालंय? आणि तुम्ही त्यावर कोणती पद्धत वापरताय? नवा पंखा घेताना मी याच्या दसपट चौकशी करतो. हे दोन्ही प्रश्न उद्याच विचारा. ‘थोडं मन मोकळं होऊ दे’, ‘वाढतं वय आहे’ अशी उत्तरं मिळाली तर माझ्या मते तिथे थांबण्यात अर्थ नाही. घटस्फोट, मृत्यू, शाळेतला छळ अशा वेळी मोकळं बोलण्याचा उपयोग होतच असेल. ओसीडीला नुसत्या गप्पा पुरत नाहीत.

लागतं ते ईआरपी, म्हणजे ‘एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन’. सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी, तिचाच हा प्रकार. भीतीला पायरीपायरीने सामोरं जायचं आणि नेहमीची सुटकेची कृती करायची नाही. लेकीने शून्य ते दहा अशी भीतीची शिडी केली. सगळ्यात खाली होतं ‘बाबांनी एकदाच नक्की म्हणायचं’, सगळ्यात वर ‘मी आज कुणाचं तरी वाईट केलं असेल’ असं स्वतः कागदावर लिहून तो उशीखाली ठेवून झोपायचं. ती हे करेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. अकराव्या आठवड्यात केलं.

इथे माझी दुसरी घोडचूक. हे सगळं वाचून, थेरपिस्ट मिळायच्या आधीच, एका रात्री मी उत्तरं द्यायचं एकदम बंद केलं. मुलगी दोन वाजेपर्यंत दार बडवत होती आणि शेवटी मी दिलंच उत्तर. म्हणजे एवढंच शिकवलं की दोन वाजेपर्यंत ताणलं की बाबा हरतात. कृपा करून हे करू नका. मुलाला आधी सांगून, त्याच्याशी ठरवून, एकेक पायरी कमी करायची. आम्हाला शिकवलेलं वाक्य असं होतं, ‘हे चिकट्या विचारतोय. त्याला मी उत्तर देणार नाही. तुझ्याजवळ मात्र बसतो.’ चिकट्या हे लेकीनेच आजाराला दिलेलं नाव.

मुलगा जायलाच तयार नसेल तर फक्त आईबापांना शिकवायची पद्धतही आहे. येल विद्यापीठाच्या एली लेबोविट्झ यांनी ती बसवली, नाव ‘स्पेस’. चिंतेचे विकार असलेल्या १२४ मुलांवरच्या त्यांच्या चाचणीत, पालकांनी आपलं वागणं बदलल्यावर मुलांना जवळपास तेवढाच गुण आला जेवढा मुलांना थेट सीबीटी दिल्यावर येतो. ती चाचणी चिंतेवरची होती, ओसीडीवरची नव्हे, पण ‘मुलाच्या भीतीला आपण किती साथ देतोय’ हा भाग दोन्हीकडे सारखाच.

औषधाबद्दल. ओसीडीला देतात त्या एसएसआरआय गोळ्यांची (नैराश्यावरही याच देतात) नशेसारखी चटक लागत नाही. मात्र मनाने एकदम बंद करायच्या नाहीत, त्रास होतो. त्यातलीच एक गोळी सर्ट्रालिन, अमेरिकेत ती ओसीडीसाठी वयाच्या सहा वर्षांपासून पुढे मान्य आहे, म्हणजे दहा वर्षांच्या मुलाला देणं काही जगावेगळं नाही. २००४ साली ११२ मुलांवर एक चाचणी झाली होती. बारा आठवड्यांत आजार जवळपास गेला अशी मुलं सीबीटी आणि सर्ट्रालिन दोन्ही घेणाऱ्यांत ५४ टक्के होती, नुसत्या सीबीटीवर ३९, नुसत्या गोळीवर २१ आणि खोट्या, म्हणजे औषध नसलेल्या गोळीवर ४ टक्के. म्हणून ‘गोळी चालू झाली, आता थेरपी कशाला’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. आणि ओसीडीत गोळीचा पुरता अंदाज यायला आठ ते बारा आठवडे लागतात. आम्ही तिसऱ्याच आठवड्यात ‘काही उपयोग नाही’ म्हणत बसलो होतो.

भीतीची बाजूही सांगतो, लपवण्यात अर्थ नाही. २००४ मध्येच अमेरिकेत या प्रकारच्या गोळ्यांवर ठळक इशारा छापायला लावला, कारण मुलांच्या चाचण्यांत आत्महत्येचे विचार किंवा तसं वागणं गोळी घेणाऱ्यांत सुमारे ४ टक्के आणि खोटी गोळी घेणाऱ्यांत २ टक्के दिसलं. त्या चाचण्यांत एकाही मुलाने आत्महत्या केली नव्हती. पण सुरुवातीचे आठवडे आणि डोस बदलल्यावरचे दिवस डोळ्यांत तेल घालून बघा. मूल अचानक बेचैन झालं, झोप उडाली, मरण्याबद्दल स्वतःहून बोललं, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. निर्णय डॉक्टर घेतील, तुम्ही किंवा मी नाही.

जाता जाता, केंद्र बदलायचं ठरलंच तर आत्ताच लेखी सारांश मागून ठेवा. आम्हाला एका पानाच्या पत्रासाठी सहा आठवडे फिरवलं. आधी ‘फाइल गोपनीय आहे’, मग ‘मॅडम रजेवर’, मग ‘अर्ज जुन्या नमुन्यात आहे’. माझ्याच मुलीची फाइल, तिची सही, माझी सही, तरी गोपनीय! शेवटी मिळालेल्या पत्रात लिहिलं होतं, ‘मुलगी सत्रांना आनंदाने येते.’

नव्या डॉक्टरांना त्यापेक्षा जास्त उपयोग झाला माझ्या खिशातल्या डायरीचा. तीन रात्री नुसत्या रेघा मारल्या होत्या. किती वेळा विचारलं, किती वाजता सुरू झालं, किती वाजता झोपली, आणि मी किती वेळा उत्तर दिलं. तुम्हीही आज रात्रीपासून मारा, मुलाला दिसणार नाही अशा. शेवटचा रकाना मात्र गाळू नका, मी पहिल्या रात्री गाळला होता.