जुन्या बाजारात मिळालेली कवटीवाली जर्मन अंगठी खरी असेल का?

रविवारी जुन्या बाजारात घेतलीत म्हणताय तर बहुतेक डुप्लिकेटच धरा. नाझी नेता हिमलर त्याच्या एसएस या निमलष्करी दलातल्या लोकांना जी कवटीची अंगठी द्यायचा ती विकायला नव्हतीच, आत मालकाचं आडनाव, तारीख आणि हिमलरची सही कोरलेली असायची, आणि कवटी वेगळी बनवून जोडावर डाख दिलेली. भिंगातून बघा, अक्षरांच्या कडा बोथट आणि बारीक खड्डे दिसले की अक्षरांसकट साच्यातून ओतलेली नक्कल समजा. काळपटपणावर जाऊ नका हो, तो गंधक लावून घरबसल्या आणता येतो. रविवार पेठेत एखाद्या सराफाकडे तपासून घ्या, चांदी निघाली तरी नकलीला वजनाचेच पैसे येतील. मला तर पहिल्या महायुद्धात सैनिकांनी तोफगोळ्याच्या फ्यूजचं (गोळा फोडणाऱ्या टोकाच्या भागाचं) अ‍ॅल्युमिनियम घासून केलेल्या साध्या अंगठ्याच जास्त आवडतात, खिशालाही परवडतात.