गादीतले ढेकूण आणि पुण्याहून आलेली नोटीस

दिवेआगरहून एका ताईंनी लिहिलं आहे. सुपारीच्या वाडीत राहत्या घराला लागून दोन खोल्या आहेत, त्या पर्यटकांना देतात. नाश्ता-जेवण स्वतः रांधतात. नाताळच्या सुट्टीत पुण्याचं एक कुटुंब तीन रात्री राहिलं, एकूण भाडं १०,५०० रुपये. तिसऱ्या सकाळी त्यांनी मुलीच्या हातावरचे लाल चट्टे आणि गादीच्या शिवणीतले ढेकूण दाखवले, फोटो काढले आणि निघून गेले. आता वकिलाची नोटीस आली आहे: भाडं परत, मानसिक त्रासाचे २ लाख, शिवाय पुण्याच्या घरात फवारणी करावी लागली म्हणून १८,००० रुपये; मुदत १५ दिवस. ताई विचारतात: 'साप, विंचू, किडे यांपासून होणाऱ्या त्रासास मालक जबाबदार नाहीत' अशी पाटी दारावर आहे, ती उपयोगी पडेल का? ढेकूण त्यांच्याच बॅगेतून आले असतील तर आपण उलट दावा लावू शकतो का? शेवटी ता. क.: नोव्हेंबरात त्याच खोलीत राहिलेल्या पाहुण्यांनी 'ताई, रात्री गादीत काहीतरी चावत होतं' असा मेसेज केला होता. 'गादी उन्हात टाकते' असं उत्तर दिलं होतं. तो मेसेज काढून टाकू का?

ताई, तुमचं सगळं प्रकरण त्या ता. क. मध्ये आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. मेसेज काढू नका. तुमच्या फोनमधून गेला तरी समोरच्या पाहुण्यांच्या फोनमध्ये तो आहेच. उद्या तो ग्राहक आयोगापुढे आला आणि तुमच्याकडून पुसलेला निघाला, तर ढेकणांपेक्षा ते पुसणं महागात पडेल. आणि त्याच मेसेजखाली तुमचं उत्तर आहे, गादी उन्हात टाकल्याचं. अपुरं असलं तरी तुम्ही तक्रार ऐकली आणि हातपाय हलवले, याचा आज तुमच्याकडचा एकमेव लेखी पुरावा तोच आहे. संभाषण जसंच्या तसं जपून ठेवा, फोन बदलणार असाल तर जुना विकू नका.

घरात किडा निघाला एवढ्यानेच कुणी दोषी ठरत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये शब्द आहे 'सेवेतील त्रुटी', आणि ती ठरवताना प्रश्न असे येतात: तुम्हाला कधी कळलं, कळल्यावर काय केलं, आणि नीट लक्ष ठेवणाऱ्या माणसाला ते आधी कळलं असतं का. घरगुती व्यवसाय आहे, आपण हॉटेल नाही, या सबबीवर सुटका नाही. पैसे घेऊन राहायला जागा दिली की ती सेवाच.

पाटीबद्दल तुमची निराशा करावी लागेल. वाडीतला डास, अंगणातला विंचू, भिंतीवरची पाल ही कोकणात राहण्यातच आली, तिथे पाटीचा सूचना म्हणून उपयोग होतो. गादीतला ढेकूण मात्र वाडीचा नाही, तो खोलीचा आहे, आणि खोली तुमच्या ताब्यात आहे. स्वतःच्या हयगयीची जबाबदारी छापील वाक्याने झटकता येत नाही. ताज महाल हॉटेलच्या आवारातून पाहुण्याची गाडी चोरीला गेली होती, त्या प्रकरणात 'गाडी मालकाच्या जोखमीवर' असं छापलेलं असूनही सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली हॉटेलला जबाबदार धरलं होतं. विषय गाडीचा होता, पण तर्क तुमच्या पाटीलाही लागू पडेल असं माझं मत आहे. त्या पाटीऐवजी अंगणात रात्री बॅटरी घेऊन चला, चपला झटकून घाला, मच्छरदाणी कपाटात आहे, असं लिहा. त्याने पाहुणाही वाचतो आणि तुम्हीही.

उलट दाव्याचा विचार सोडा. ढेकूण प्रवाशांच्या सामानातूनही फिरतात हे खरं आहे. पण 'यांच्याच बॅगेतून आले' हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येईल, आणि नोव्हेंबरचा मेसेज ते सिद्ध होऊ देणार नाही.

त्यांचीही बाजू सगळी भक्कम नाही. चावा कुणाला लगेच उठतो, कुणाला काही दिवसांनी, कुणाला उठतच नाही. त्यामुळे नुसत्या चट्ट्यांवरून चावा कुठे आणि कधी झाला हे सांगता येत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा 'कीटकदंश' एवढंच असतं. त्यांचा खरा पुरावा शिवणीचा फोटो, आणि तो खोलीतच काढलेला असल्याने भाड्याच्या रकमेपुरता तुम्हाला नाकारता येणार नाही, नाकारूही नये. तीन रात्री पैसे देऊन एका लहान मुलीला झोप मिळाली नाही, हे आपण मान्य करूया. पुण्याच्या घरातल्या फवारणीचं मात्र वेगळं आहे. तिथे ढेकूण सापडले होते का, फवारणी कोणी केली, पावती कुठे आहे, हे मागायचा तुम्हाला हक्क आहे. २ लाखांचा आकडा तर वाटाघाटीसाठी वर चढवलेला दिसतो. आयोग नुकसानभरपाई देतो ती सिद्ध झालेल्या हानीच्या प्रमाणात.

१५ दिवसांची मुदत वकिलाने घातलेली आहे, कायद्याने नाही. तरीही उत्तर द्या, कारण गप्प राहिलात तर तक्रारीत पहिलं वाक्य तेच येईल. 'आमचे सर्व हक्क अबाधित ठेवून' या शब्दांनी सुरुवात करा. झालेल्या त्रासाबद्दल खेद व्यक्त करा, संपूर्ण १०,५०० रुपये आणि डॉक्टर-औषधाच्या बिलांची रक्कम परत करायची तयारी दाखवा, फवारणीची पावती मागा, उरलेल्या मागण्या अमान्य करा. पैसे बँकेतूनच द्या, आणि देताना 'या मुक्कामाबाबत आता कोणतीही मागणी उरलेली नाही' असा दोघांच्या सह्यांचा कागद करा. हा कागद न करता पैसे पाठवणारे मी इतके पाहिले आहेत की हे पुन्हा पुन्हा सांगतो.

मिटलं नाही तर ते पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ शकतात. तक्रारदार जिथे राहतो तिथे दाद मागायची मुभा २०१९ च्या कायद्याने दिली आहे. सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर त्यांना शुल्कही नाही, आणि मुदत दोन वर्षांची. आयोगाची नोटीस आली तर ती वकिलाच्या नोटिशीसारखी समजू नका. तक्रारीच्या प्रतीसह ती हाती पडल्यापासून ३० दिवसांत लेखी म्हणणं द्यायचं, फार तर आणखी १५ दिवस मिळतात. ४५ दिवसांनंतर आयोगालाही ते स्वीकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ४ मार्च २०२० रोजी स्पष्ट केलं आहे. पोस्टमनकडून पाकीट घेतलं त्या दिवशीची तारीख पाकिटावरच लिहा. सुनावणी व्हिडिओवरून व्हावी असा अर्ज करता येतो, प्रत्येक तारखेला पुण्याला जायलाच हवं असं नाही.

आता खोलीकडे वळतो, कारण यापुढचा तुमचा बचाव तिथेच उभा राहणार आहे. गादी नुसती उन्हात टाकून ढेकूण जात नाहीत. कापसाच्या आत ऊन पोचत नाही आणि बरेच ढेकूण गादीत नसतातच. आपल्याकडे पूर्वी बाज अंगणात काढून फटींत कढत पाणी ओतायचे. ते पाणी काम करायचं. बॅटरी आणि एक जुनं एटीएम कार्ड घ्या, गादीची शिवण कार्डाने उलगडत जा, मग पलंगाच्या पायांचे सांधे, डोक्याकडच्या फळीची मागची बाजू, स्विचबोर्डाच्या कडा. शाईचा ठिपका पडावा तसे काळे डाग दिसले की समजा. चादरी पांढऱ्या ठेवा, त्यावर हे डाग लपत नाहीत. धुताना गरम पाणी वापरा.

प्रत्येक पाहुणा गेल्यावर हे करा आणि एका वहीत तारीख, खोली, काय दिसलं, सही एवढं लिहा. वीस रुपयांची वही, पण सलग वर्षभर लिहिलेली असेल तर आयोगापुढे तिचं वजन कुठल्याही पाटीपेक्षा जास्त.

३० डिसेंबरला मोटारसायकलवरून पंप घेऊन आलेल्या माणसाकडून फवारणी करून घेतली, पावती नाही, असं तुम्ही लिहिलं आहे. कायद्याच्या दृष्टीने ती झालीच नाही असं धरा. कीटकनाशक कायदा १९६८ खाली परवाना असलेला माणूस बोलवा. पावतीवर परवाना क्रमांक, औषधाचं नाव, कोणत्या खोल्या आणि तारीख असू द्या. अंडी फवारणीतून वाचतात आणि साधारण आठवडा-दहा दिवसांत फुटतात, म्हणून दोन आठवड्यांनी दुसरी फवारणी लागतेच, तिचीही पावती घ्या. शेजारची खोलीही तपासून घ्या.

शेजाऱ्यांनी 'धान्यात ठेवतात त्या गोळ्या खोलीत ठेवून दार बंद करा' असं सुचवल्याचं वाचून मात्र मी हादरलो. ताई, हे चुकूनही करू नका. ते अॅल्युमिनियम फॉस्फाइड आहे. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फीन वायू निघतो, आणि शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसांचाही त्याने जीव जातो. ते वापरायची मुभा सरकारी यंत्रणा आणि मान्यता असलेल्या तज्ज्ञांच्या देखरेखीखालचे व्यावसायिक यांनाच आहे. तिथे दुर्घटना घडली तर विषय ग्राहक आयोगाचा राहत नाही, भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली हयगयीने मृत्यूचा गुन्हा होतो, पाच वर्षांपर्यंत कैद.

त्या कुटुंबाने गूगलवर फोटोसह लिहिलं आहे, त्यावर बदनामीची नोटीस पाठवायचा मोह टाळा. फोटो खरा आहे. खाली दोन ओळी लिहा, खेद आणि केलेली फवारणी, बस्स. त्यांचं नाव, फोन किंवा मुक्कामातला तपशील तिथे टाकू नका.

राहिलं २६ जानेवारीचं बुकिंग, ज्याचा अर्धा अॅडव्हान्स तुम्ही घेतला आहे. नोव्हेंबरात तुम्हाला शंका होती, आता खात्री आहे. खात्री असताना तीच खोली दिलीत तर पुढच्या नोटिशीला माझ्याकडेही उत्तर नसेल. त्या पाहुण्यांना आजच फोन करा, दुसरी फवारणी होईपर्यंत खोली बंद आहे असं सांगा, शेजारची स्वच्छ निघाली तर ती देऊ करा, नको म्हणाले तर अॅडव्हान्स त्याच दिवशी परत पाठवा, आणि फोन झाल्यावर तेच मेसेजवरही लिहा.