देवघरातील तांबूस ठिपके

प्रश्न : देवघरातील संगमरवरी चौथऱ्यावर तेलाचा आणि काजळीचा थर साचला होता. फरशी पॉलिश करणारे कारागीर यंत्राखाली स्टील वूल (पोलादाच्या बारीक धाग्यांचा गोळा) लावतात हे पाहिले होते, म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून ते आणून पाण्याने घासले. थर निघाला, पण चकाकीही गेली आणि चार दिवसांत तांबूस ठिपके उमटले. चिंचेने किंवा लिंबाने ते जातील का? न्हाणीघराच्या काचेवरील क्षारांचे डागही असेच काढावेत का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी चिंच आणि लिंबू दूर ठेवावे. तांब्या-पितळेला ती उजळवतात. संगमरवर मात्र मूळचा चुनखडक असल्यामुळे आम्लाने झिजतो. आपले ठिपके दगडाचे नसून लोखंडाच्या गंजाचे आहेत. स्टील वूलचे धागे साध्या पोलादाचे असतात. घासताना त्यांचे बारीक तुकडे दगडाच्या छिद्रांत अडकतात आणि ओल लागताच गंजतात. पातळ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक कोरड्या चौथऱ्यावरून सावकाश फिरवले, तर न गंजलेले तुकडे कापडाला चिकटून येतील. गंज आत मुरला असेल, तर संगमरवरासाठीचा आम्लविरहित लेप लावावा लागेल. गेलेली चकाकी घरी घासून परत येणार नाही, ती पॉलिशनेच येईल.

कारागिराचे तंत्र वेगळे आहे. तो अतिशय बारीक वूल वापरतो, सोबत फ्ल्युओसिलिकेटयुक्त द्रावण टाकतो, आणि यंत्राच्या वजनाने व घर्षणाच्या उष्णतेने दगडावर कठीण, चमकदार थर तयार होतो. नुसत्या घासण्याने ते साधत नाही.

काचेचे गणित मात्र सरळ आहे. मोह्स यांच्या काठिण्यश्रेणीत (जितका आकडा मोठा, तितका पदार्थ कठीण) संगमरवर सुमारे 3, साधे पोलाद 4 ते 4.5 आणि काच साधारण 5.5 या जागी येते. म्हणून पोलाद संगमरवरावर ओरखडे काढते, पण साध्या काचेवर सहसा नाही. काचेवरचा क्षार बहुतांशी चुन्याचाच असल्याने खरवडून निघतो. दुकानात ‘चार शून्यांचे’, म्हणजे 0000 क्रमांकाचे, सर्वांत बारीक वूल मागावे, काच ओली करून हलक्या हाताने घासावी आणि आधी एका कोपऱ्यात करून पाहावे. रंगीत फिल्म किंवा लेप असलेल्या काचेला आणि मुलामा दिलेल्या प्लॅस्टिकच्या नळांना ते लावू नये. उरलेला गोळा कोरडा ठेवावा, पण बॅटरीच्या सेलजवळ नको. सेलच्या दोन्ही टोकांना लागले, तर त्याचे बारीक धागे वीज वाहून तापतात आणि क्षणात पेट घेतात.