वस्तीसाठी काँक्रीटचं नाट्यगृह आखतोयस ना?
काँक्रीट आवाज शोषत नाही, परत फेकतं. समोरासमोर दोन सपाट समांतर भिंती ठेवल्यास तर नटाचं वाक्य त्यांच्यातच आपटत राहील. एक भिंत किंचित तिरकी कर. मागच्या भिंतीला लाकडी पट्ट्या आणि त्यामागे रॉकवूल (आवाज शोषणारी, दगडी तंतूंची गादी) दे. नाटकासाठी घुमारा साधारण एका सेकंदात विरायला हवा.

जुहूचं पृथ्वी थिएटर (१९७८) जाऊन बघ: तीन बाजूंना प्रेक्षक, खुर्च्या जेमतेम २००च्या आसपास. वस्तीसाठी तेवढं पुष्कळ, हजार खुर्च्यांचा मोह नको.

आणि नेपथ्याचा टेम्पो थेट रंगमंचामागे लागू दे, वर छप्पर हवंच. मी एकदा हे विसरलो. भर पावसात सेट डोक्यावरून वाहणारी बॅकस्टेजची मुलं अजून डोळ्यांसमोर आहेत.