माणसाचं मन कॉम्प्युटरमध्ये कॉपी करता येईल का?
आत्ता तरी नाही, आणि लवकर जमेल असंही मला वाटत नाही. सी. एलेगन्स नावाच्या इवल्याशा कृमीत फक्त ३०२ न्यूरॉन, म्हणजे संदेश वाहणाऱ्या चेतापेशी, असतात, त्यांच्या जोडण्यांचा नकाशा १९८६ मध्येच छापून आला, तरी ती कृमी अजून कॉम्प्युटरवर हुबेहूब उतरवता आलेली नाही, आणि आपल्या मेंदूत आहेत साधारण ८६०० कोटी! बरं नुसत्या नकाशाने भागत नाही, कुठली जोडणी किती घट्ट आहे, कुठलं रसायन कधी सुटतंय हे सतत बदलत असतं.

पण मला खरा प्रश्न वेगळाच वाटतो. समजा कॉपी झाली आणि तुम्ही इथे जिवंतच आहात, मग तिकडचा तो कोण? त्याला तुमचं बालपण आठवेल, पण त्याला दुखलं तर तुम्हाला काहीच कळणार नाही.