रान पड ठेवलं तर कर्ब वाढतो का?

प्रश्न : आमची 2 एकर काळी जमीन आहे, वर्षानुवर्षं कापूस-सोयाबीन झालं. मी नोकरीला पुण्यात, गावी करणारं कोणी नाही, म्हणून रान सोडून द्यावं, झाडझुडूप येईल ते येऊ द्यावं असं मनात आहे. माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पालापाचोळ्या-मुळांतून मातीत राहिलेला कार्बन) 0.4 टक्के आलाय, तो चार-पाच वर्षात 0.8 होईल का? काका म्हणतात पड ठेवायची तर वर्षाला एक वखरपाळी देऊन स्वच्छ ठेव. (एक वाचक, परभणी जिल्हा)

उत्तर : दादा, कर्ब वाढतो, पण चार-पाच वर्षात दुप्पट नाही होणार. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड संशोधन केंद्रात 1882 साली ब्रॉडबाल्क नावाच्या शेतातला एक तुकडा गहू न कापता तसाच सोडला, चारेक वर्षात गव्हाची जेमतेम ओळखू येतील अशी काही खुरटी रोपं उरली आणि आज तिथे चक्क जंगल आहे. शंभरावर वर्षांचा हिशोब केला तर हेक्टरी वर्षाला सरासरी 3.39 टन कार्बन साठला, पण त्यातला मातीत फक्त 0.54 टन, बाकी सगळा झाडांत आणि त्यांच्या मुळांत! आता तुमचं गणित बघा, वरच्या वीतभर थराची माती हेक्टरी साधारण 3000 टन धरली तर 0.4 टक्के वाढ म्हणजे 12 टन कार्बन, म्हणजे त्या वेगाने निदान वीस-बावीस वर्षं, आणि आपल्याकडे उन्हामुळे पालापाचोळा कुजून त्यातला कार्बन हवेत लवकर जातो त्यामुळे मी तरी याहून जास्तच धरेन. काळ्या मातीत चिकणमाती भरपूर असते, ती कर्ब धरून ठेवते, ही तुमची जमेची बाजू.

काकांचं मात्र ऐकू नका. नांगर-वखर फिरला की ढेकळं फुटतात, हवा खेळते, जिवाणू आतला कर्ब खाऊन टाकतात आणि वर काही उगवत नसलं तर नवीन मुळं येणार कुठून? रोथॅमस्टेडलाच 1959 पासून जुनं कुरण मोडून एक तुकडा सतत उघडा, तणमुक्त ठेवलाय, त्यातला अर्ध्याहून जास्त कर्ब गेला. जे साठायला पिढ्या लागतात ते असं जातं, खरंच जीव तुटतो.

तेव्हा नांगरू नका, पेटवू नका, आणि पहिली काही वर्षं गुरंशेळ्या आत येऊ देऊ नका. मारवेल, पवना असलं गवत आधी येऊ दे, बोर-बाभूळ-हिवर मागून येतील, मुद्दाम लावायची घाई नको. आणि एक काम याच सुट्टीत करा, चार-पाच जागी ठराविक खोलीवरची माती काढून, सावलीत वाळवून, तारीख आणि जागा लिहून बाटलीत भरून ठेवा. रोथॅमस्टेडवाल्यांनी 1880 च्या दशकातली माती जपली म्हणूनच हे आकडे निघाले, तुमच्या मुलांनाही ती बाटली लागेल.